कावेरीकाठची मराठी मुले

आगगाडीच्या डब्यात दोन अनोळखी मराठी माणसे समोरासमोर आली, की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास निघतो. "मूळचे कुठले आपण?" उत्तर देणाऱ्यालाही हा प्रश्न जड जात नाही. तो जन्मलेला असतो गिरगावात, राहतो डोंबिवलीला आणि गेल्या बारा वर्षांत गावाकडे फिरकलेला नसतो. तरी "आम्ही मूळचे संगमेश्वराकडचे" असे तो मोठ्या समाधानाने सांगतो. मूळ गाव ही वस्तू घरातल्या खुंटीवर टांगलेल्या कोटासारखी असते. अंगात घालायची वेळ वर्षानुवर्षे येत नाही. पण खुंटीवर आहे, एवढ्यानेच माणसाला ऊब वाटते.

मात्र ज्यांचा कोट साडेतीनशे वर्षांपूर्वी शिवलेला आहे आणि तो आपल्या मापाचा आहे की नाही हेच ज्यांना ठाऊक नाही, अशा विशी-पंचविशीच्या मुलांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? हा विचार माझ्या मनात पूर्वी कधी आला नव्हता. तो तंजावरने घातला.

मी गेलो होतो बृहदीश्वराचे देऊळ पाहायला. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि उजाडता उजाडता खिडकीबाहेर पाहतो, तो जिकडे तिकडे पाणी आणि हिरवेपणा. भाताची खाचरे, मधून मधून पाटाचे पाणी, कडेला केळी आणि नारळ. कावेरी इथे एका पात्राने वाहत नाही. फाटे फुटून फुटून सगळ्या मुलखात पसरते. दक्षिणेचे भाताचे कोठार म्हणतात ते उगीच नाही. एखाद्याला इथून परत घरी जावेसे वाटले नसेल, तर त्यात नवल ते काय?

आणि तसेच झाले. शहाजीराजे भोसल्यांचे चिरंजीव, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. त्यांच्याबरोबर सरदार आले, शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, कीर्तनकार आले. पुढे १७९९ साली सरफोजीराजांनी कंपनी सरकारशी तह केला. तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख राजांकडे राहिला, बाकीचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी हे पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. राज्य गेले, फौज गेली, दरबार गेला. माणसे मात्र तिथेच राहिली. त्यांच्या पोटी मुले झाली, नातवंडे झाली, आणि घराचा उंबरठा ओलांडून आत आले की ती सगळी मराठीत बोलत राहिली.

माझी उतरायची सोय एका स्नेह्यांच्या ओळखीने अशाच एका घरी झाली होती. यजमान बँकेतून निवृत्त झालेले. कपाळी गंध, कमरेला पांढरी वेष्टी, हातात तामिळ वर्तमानपत्र. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवीत होतो, तोच त्यांनी आत तोंड करून काही म्हटले. हेल सगळा तामिळ, पण शब्द माझे! क्षणभर वाटले, शेजारच्या खोलीत कुणी जुनी पोथी वाचते आहे. ते 'सगळे' म्हणत नाहीत, 'असके' म्हणतात. हा शब्द आपल्या जुन्या पोथ्यांतून आढळतो. आपण तो केव्हाच टाकून दिला. इथे तो स्वयंपाकघरात रोज वापरला जातो. (या लेखात त्या मंडळींचे बोलणे मी आपल्या नेहमीच्या मराठीत लिहिले आहे. त्यांचा हेल कागदावर उतरवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.)

पितळेच्या पेल्यातून कॉफी आली. दुपारी पानात सांबार होते, रसवांगी होती आणि डांगर पच्चडी होती. डांगर म्हणजे आपले उडदाच्या पिठाचे डांगरच, फक्त दह्यात कालवलेले. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, अशी एक कथा तिकडे कौतुकाने सांगतात. पुराव्याच्या दृष्टीने ती कथा लंगडीच आहे. पण वाढणाऱ्या आजींनी ती अशा अभिमानाने सांगितली, की मी आणखी एक वाटी सांबार घेऊन तिला मान्यता दिली.

या घरात बावीस वर्षांची एक नात होती. ती पुण्याला एका कंपनीत नोकरीला होती आणि सुट्टीवर आली होती. तिकडच्या रिवाजाप्रमाणे ती मला 'मामा' म्हणू लागली. संध्याकाळी देऊळ दाखवायला तीच निघाली.

राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले ते देऊळ काय वर्णावे! दोनशे फुटांहून उंच विमान, आणि सारे ग्रॅनाइटचे. उन्हे उतरली की तो दगड मधासारखा दिसू लागतो. पण ती मुलगी मला शिखर दाखवायला थांबली नाही. देवळाच्या आवाराच्या नैर्ऋत्य बाजूला ओवऱ्यांची लांबच लांब भिंत आहे, तिथे घेऊन गेली. त्या भिंतीवर देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला हा भोसले वंशाचा इतिहास, आणि तो मराठीत. चोळांच्या देवळात, तामिळ देशात, भिंतभर मराठी!

"वाचा ना मामा," ती म्हणाली.

"तू वाच की."

"मला अक्षरे येत नाहीत. बोलता येते तेवढेच."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. तामिळनाडूच्या शाळांत १९६८ पासून दोन भाषांचे धोरण आहे, तामिळ आणि इंग्रजी. मराठी तिने शिकायची कुठे? ती आजीच्या मांडीवर जेवढी शिकली, तेवढीच. मग मी एकेक अक्षर लावीत मोठ्याने वाचू लागलो. दोनशे वर्षांपूर्वीची ती भाषा. माझी गाडी मधूनच अडे. आणि गंमत अशी, की जिथे मी अर्थापाशी अडखळे, तिथे पुष्कळदा ती म्हणे, "हा शब्द आजी वापरते." मला अक्षरे येत होती, तिला शब्द येत होते. दोघे मिळून एक धड वाचक झाला.

परतताना ती आपण होऊन बोलू लागली. लहानपणी शाळेत तिला 'रायर वीट्टु पोण्णु', म्हणजे रायरांच्या घरची पोर, म्हणून ओळखत. तिकडे आपल्या 'राव' मंडळींना रायर म्हणतात. त्यात कुचेष्टा नव्हती. पण आपण थोड्या वेगळ्या आहोत, आपले खरे गाव दुसरीकडे कुठेतरी आहे, असे तिच्या मनाने घेतले. नोकरीसाठी बंगळूर आणि पुणे अशी दोन ठिकाणे समोर आली, तेव्हा तिने हट्टाने पुणे घेतले. आपल्या माणसांत जायचे म्हणून!

"पहिल्या दिवशी मेसमध्ये जेवताना मी मराठीत बोलले. टेबलावरच्या मुली आधी गप्प झाल्या आणि मग हसल्या. एक म्हणाली, 'किती क्यूट बोलतेस! तू कन्नड का?' कचेरीतल्या अर्जावर आडनावाचा रकाना होता. आमच्याकडे आडनाव लावत नाहीत, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. तिथल्या माणसाने विचारले, 'मराठी आणि आडनाव नाही?' दोन महिन्यांनी मी मराठी बोलायचे सोडले. आता तिथे मी इंग्रजीच बोलते. मामा, इथे मी रायर आणि तिथे मद्रासी. मग मी कोण?"

मुली वाईट नव्हत्या. त्यांच्या हसण्यात विषही नसेल. पण विचार करून पाहा. जी भाषा राज्य बुडाले तरी मेली नाही, शाळा नसताना, लिपी हरवली असताना घराघरांतून जिवंत राहिली, ती एका मुलीच्या तोंडातून दोन महिन्यांत गेली. आणि गेली ती पुण्यात, मराठीच्या माहेरी! तिच्या घरी मराठी बोलणारी आता आजी, आजोबा आणि ती. भाऊ बंगळुरात असतो, त्याच्या घरात तामिळ चालते. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. म्हणजे या घरातल्या भाषेचे आयुष्य या मुलीच्या जिभेवर टांगलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा पाहिला. दरबार हॉलमध्ये सरफोजीराजांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे. फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. राजे हात जोडून उभे आहेत. या राजाच्या पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते; आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो, तो क्रम त्यांनी बसवला. त्याच्या आधी शंभर वर्षे याच घराण्यातल्या शहाजीराजाने 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक लिहिले. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला पडदा वर केला तो १८४३ मध्ये! आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. सज्जनगडावर आपण ज्या राममूर्तींपुढे हात जोडतो, त्या तंजावरच्या कारागिरांनी घडवल्या, अशी परंपरा आहे. तंजावरच्या हरिकथेत साकी आणि दिंडी तामिळ पदांच्या शेजारी सुखाने नांदतात.

वाड्याच्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत, आणि मोडी कागदांचे तेराशेंहून अधिक रुमाल बांधून ठेवलेले आहेत. पुष्कळ तंजावरी मराठी घरांतही अशी एखादी मोडीतली वही असते. दसऱ्याला तिची पूजा होते; वाचता कोणालाच येत नाही.

त्या मुलीच्या नात्यातला एक तरुण मला तिथे भेटला. संगणकाच्या शास्त्रातला पदवीधर. त्याच्या घरीही अशीच एक वही होती. आपले घराणे मूळ कुठले, कोणत्या लढाईत कोण पडले, एखादा किल्ला वगैरे नावावर होता की काय, हे सगळे तीत सापडेल अशी त्याची लहानपणापासूनची कल्पना. म्हणून तो एका वृद्ध जाणकाराकडे दीड वर्ष मोडी शिकला. आधी देवनागरी, मग मोडी.

"आणि काय निघाले वहीत?" मी विचारले.

तो हसला. "हिशेब! चिंच इतकी, दिव्याचे तेल इतके, न्हाव्याला दिले ते इतके. पानेच्या पाने. किल्ला नाही, लढाई नाही. मूळ गावाचे नावसुद्धा नाही. दोन दिवस मी वही उघडली नाही."

मग तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा उघडली. एका पानावर पुराच्या वर्षाचा जमाखर्च होता. कोठीतले धान्य भिजून गेलेले. शेजारच्या पिळ्ळ्यांकडून चार मरक्काल तांदूळ उसने आणले, अशी नोंद. मरक्काल हे तामिळ माप, लिहिलेले मोडीत. त्याच्याखाली पुढच्या सुगीची नोंद: तांदूळ परत केले, पिळ्ळ्यांनी घेतले नाहीत. आणि बऱ्याच पानांनंतर, पिळ्ळ्यांच्या मुलीच्या लग्नात आहेर केला, त्याची रक्कम.

"पिळ्ळ्यांचे घर अजून आमच्या शेजारीच आहे," तो म्हणाला. "मी ती वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि तामिळमध्ये वाचून दाखवली. त्यांच्या घरातले असके जमले. आमचे मूळ कुठले ते मला सापडले नाही. पण आम्ही कोणाचे देणे लागतो, ते सापडले."

मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही.

याच्या अगदी उलट भेटला तो एका शिंप्याचा मुलगा. नामदेव शिंपी समाजाची पुष्कळ घरे तामिळ मुलखात पसरलेली आहेत. वडिलांचे दुकान त्याने वाढवले होते. दोन यंत्रांची सहा झाली होती. भिंतीवर विठोबा-रखुमाईची तसबीर, शेजारी मुरुगन. घरी मराठी, दुकानात तामिळ, कापडाच्या व्यापाऱ्याशी मोडकीतोडकी हिंदी. "तुम्हाला कधी वाटते का, आपण मूळचे कुठले?" असे विचारल्यावर त्याने कात्री खाली ठेवली.

"सर, हे महाराष्ट्रातून आलेली माणसेच विचारतात. इथे कोणी विचारत नाही. आषाढीला आमच्याकडे भजन असते, गल्लीतली तामिळ पोरे अभंग म्हणायला येतात. अर्थ त्यांना कळत नाही, चाल मात्र माझ्यापेक्षा चांगली धरतात. पोंगलला मी त्यांच्याकडे असतो. मी तंजावरचा. आणखी काय पाहिजे?"

एकाच गावातली तीन मुले, आणि तिघांची तीन उत्तरे. एकीला वाटत होते, आपले घर दूर कुठेतरी आहे आणि तिथे आपल्याला कोणी ओळख देत नाही. दुसरा ते घर कागदांत शोधत गेला आणि शेजाऱ्याच्या ओटीवर येऊन पोचला. तिसऱ्याला शोधायचे कारणच पडले नाही. मला वाटते, माणसाचे आपलेपण असे देण्याघेण्यातून तयार होत असावे. कोणाचे तांदूळ आपण खाल्ले, कोणाच्या लग्नात आहेर केला, कोणाबरोबर टाळ वाजवले, या नोंदी ज्या गावात लिहिल्या गेल्या ते आपले गाव. त्या हिशेबाने तंजावरची ही मुले पक्की तंजावरची आहेत; आणि त्यामुळे त्यांचे मराठीपण तसूभरही उणे होत नाही. १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केली. त्यांच्या नावातला 'टी' तंजावरचा आणि 'राव' आपला. त्यांनी यांतले एकही अक्षर गाळले नाही.

हे त्या मुलांना कळायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो आपल्याला. आपल्याच भाषेचा दुसरा हेल कानावर पडला की आपण परीक्षक होतो. वऱ्हाडी, मालवणी यांनाही आपण हसतो. पण ती माणसे आपापल्या गावी परत जाऊन सुखाने बोलू शकतात. तंजावरहून, बंगळूरहून, बडोद्याहून येणाऱ्या मुलामुलींना तेवढीही सोय नसते. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत, वसतिगृहांत आज अशी मुले येतात. त्यांच्या तोंडचा शब्द वेगळा वाटला, तर तो चुकीचा असेलच असे नाही. कदाचित तो आपणच हरवलेला आणि त्यांनी जपून ठेवलेला असेल. एखादीने असा शब्द वापरला, तर "हा कुठला गं शब्द?" असे विचारावे आणि तिला पुढे बोलू द्यावे. एवढ्याने काम भागते.

निघायच्या आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर ती मुलगी कागद आणि पेन घेऊन आली. "मामा, अक्षरे लिहून द्या. सगळी." मी स्वर लिहिले, व्यंजने लिहिली, बाराखडी लिहिली. ती प्रत्येक अक्षराखाली तामिळमध्ये उच्चार टिपत होती. 'ख', 'ग' आणि 'घ' यांच्याशी मात्र तिची लढाई झाली, कारण तामिळमध्ये त्या सगळ्यांना मिळून एकच 'क' असतो. आतून आजी म्हणाल्या, "आधी 'श्री' काढायला शीक. बाकीचे येईल मागून." मग तिने फोन आजींसमोर ठेवला आणि त्यांचे शब्द एकेक करून त्यात भरून घेऊ लागली. मी झोपायला गेलो तरी दोघींचे चाललेच होते.

सुट्टी संपवून ती पुण्याला परत गेली. तिथे ती आता काय बोलते, हे मी विचारलेले नाही. परीक्षा घेणाऱ्यांत आणखी एकाची भर कशाला? पण परवा तिचा निरोप आला, पहिल्यांदाच देवनागरीत. आठ-दहा शब्दच होते. एका ठिकाणी 'घ'चा 'ग' झाला होता. मजकूर असा, की या दिवाळीला ती रजा घेऊन गावी जाणार आहे, आजींचा आग्रह आहे, तेव्हा मामींना आणि मुलांना घेऊन आमच्या गरी या, असके या.

तिकिटे काढली आहेत.